दगडावरचं लिंबू

गुरुवार, संध्याकाळ

आज वाशीमच्या बागेत एका दगडावर लिंबू पिळलं. बारीक फेस आला, म्हणजे चुनखडीच. आत गोगलगायींचे दगड झालेले शंख, पुस्तकातल्यासारखेच. हे जाऊन चार वर्षं झाली. असं काही सापडलं की अजून त्यांना दाखवायला वळते.

वळले तर मागे शेजारच्या कमलबाई. "काय करून राह्यली वं? करणी?"

विधवेच्या हातात लिंबू, दुसरं काय सुचणार? बोभाटा झाला असता तर बागेत येणंच सुटलं असतं. दचकले का? दचकलेच. पण उरलेली फोड त्यांनाच दिली. "तुमीच पिळा."

पुन्हा फेस. "अवो माय! हे तं सोड्यावानी फसफसते!"

मग अंधारेपर्यंत दोघी शंख शोधत बसलो. निघताना म्हणाल्या, "उद्याचं लिंबू मी आणतो."