चाफ्याचा जामीन

४ फेब्रुवारी १९४६
खर्ड्याहून बिऱ्हाड हलवलं आणि आज नगरकर झालो. भिंगारच्या वाटेवरचं घर, शाळा हाकेच्या अंतरावर, विहिरीला गोड पाणी, शिवाय अंगणात बाग! सकीना चूल बघायच्या आधी बागेत शिरली. शेजारच्या बनुबाईंनी पिठलं-भाकरी आणून दिली, म्हणून नव्या मास्तरांवर उपासाची पाळी आली नाही. कुंपणाजवळचा सोनचाफा तेवढा आजारी आहे. पानं पिवळी, शेंडे वाळलेले, खोडातून चिकट पाणी गळतंय. दृष्ट लागू नये म्हणून मालकाने ठेवला असेल, असं मी म्हटलं तर आमच्या बाईसाहेब रुसल्या.

२० फेब्रुवारी
शेणखत घातलं, आळं मोठं केलं, तंबाखूचं पाणी शिंपडलं. चाफा ढिम्म. बनुबाई म्हणाल्या, मास्तर, त्याला कुऱ्हाड दावा. हा रिवाज खर्ड्यातही आहे. एकाने कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्याने त्याचा हात धरायचा आणि यंदा फुलेल म्हणून जामीन द्यायचा. मी मोठ्या आवेशात कुऱ्हाड उगारली. सकीनेने हात धरला आणि हसत म्हणाली, मी जामीन. बनुबाईंचा चेहरा उतरला. जामीन शेजारच्या झाडाचा द्यायचा असतो, मानसाचा न्हाई, असं पुटपुटत त्या निघून गेल्या. आम्ही दोघं खूप हसलो.

७ मार्च
चाफ्याला कोवळी पालवी! चिकट पाणीही थांबलं. सकीनेच्या पायाची बोटं बधिर झालीत. गार फरशीची सवय नाही, दुसरं काय.

२२ मार्च
बधिरपणा कमरेपर्यंत चढला. अंग पिवळं पडलंय. डॉक्टर कावीळ म्हणाले. पायाला टाचणी टोचली तरी तिला कळत नाही, हे पाहिल्यावर मात्र फी न घेताच निघून गेले. झाड हिरवंगार. मी शाळेत शिकवतो, घरी येतो, तिला भरवतो. रडू येत नाही. भीती वाटते, पण तीही दुसऱ्याच कुणाची असावी तशी.

३० मार्च
शाळेतून आलो तो कुऱ्हाडच घेतली. खालच्या फांदीवर एक घाव. आतून सकीनेची किंकाळी — तिच्या उजव्या दंडावर चीर — रक्त नाही. चिकट पाणी.

२ एप्रिल
बनुबाईंच्या हातापाया पडलो. म्हणाल्या, आता झाड चालायचं न्हाई, मानसाच्या जागी मानूसच लागतंय. चाफ्यापाशी गेलो. खोडावर हात ठेवून म्हटलं, तिला सोड, मी जामीन. सकीनेला यातलं काही सांगणार नाही.

९ एप्रिल
सकीना उठली. स्वतः भाकरी थापली. मी किती वाळलो म्हणून रागावली. आनंद व्हायला हवा — होतही असेल. माझ्या पायावर गरम चहा सांडला. पाहिला तेव्हा कळलं.

१५ एप्रिल
जीभ हलत नाही. टाक बोटांत आहे की नाही, ते बघून —
चाफ्याला कळी आलीय. सकीना अंगणातून मला दाखवतेय. बनुबाई गावाला गेल्यात. तिला सांगणारं कुणी —
म्हणते, झाड एवढं छान झालं, ती घाव बसलेली फांदी तेवढी वाळलीय. छाटून टाकते.
कुऱ्हाड घेतलीय तिने. हाक मारतोय — आवाज —
सकीना, माझा उजवा