उंबऱ्यातली उसण

प्रिय अण्णा,

आज दुपारी पुन्हा आलात ना! शिलाई मशीनवर डोकं टेकलं, जरा डोळा लागला, आणि तुम्ही डाळ मिलमधून थेट उंबऱ्यात. अंगभर तुरीचा पिवळा भुगा, भुवयासुद्धा पिवळ्या. आई चेष्टा करायची, जन्मभर हळद न उतरलेला नवरदेव म्हणून. नेहमीसारखे पालथे पडलात. मी पाय उचलला आणि जागी झाले. तुम्ही गेल्यापासून स्वप्न इथंच तुटतं. म्हणून लिहायला बसले.

मी पायाळू, आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आलेली. त्यामुळे उदगीरच्या आपल्या गल्लीतल्या सगळ्या हमालांच्या उसणी माझ्या नावावर! कुणाची पाठ धरली, खांदा धरला, की आलाच आपल्या दारात. त्यानं उंबऱ्यावर पालथं पडायचं, मी दुखऱ्या जागी पाय ठेवायचा, की उसण उतरली. तुम्हाला केवढा गर्व! "माझ्या लेकीचा पाय म्हंजी दवाखाना हाय," असं मिलभर सांगत फिरायचात.

शेवटच्या उन्हाळ्यात तुमचीच उसण उतरेना. रोज संध्याकाळी म्हणायचात, "ठीव माय पाय. डाव्या खांद्यात लई कळ मारायलीय." पोतं तुम्ही डाव्याच खांद्यावर घ्यायचात, मग कळ दुसरीकडं कुठं मारणार? दरदरून घाम यायचा. तापलेल्या पत्र्याखाली घाम कुणाला येत नाही? धाप लागायची. त्या भुग्यात कुणाला लागत नाही? दुखणं तुमच्या कामाचेच कपडे घालून आलं होतं अण्णा, कोण ओळखणार! एका दुपारी पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलात, ते उठलाच नाहीत.

मला माझा राग येत नाही. मी पाय ठेवला तो मायेनंच. राग तुमचा येतो. कळ पार बोटांपर्यंत उतरते, हे बरोबरच्या हमालांना सांगितलंत, मला का नाही? लेकीच्या पायाला गुण राहिला नाही असं मला वाटेल म्हणून? असा कसा हो तुमचा लाड!

आता ऐका. तुमच्या जागी आपला बालाजी पोती उचलतो. मागच्या आठवड्यात धाकटा तुमचा आला आणि उंबऱ्यात पालथा पडला.

"ताई, पाय ठीव गं. उसण भरलीय."

मी पाय उचलला. त्याचा शर्ट चिंब होता. मिलला सुट्टी, सकाळपासून तो कूलरपुढं बसलेला. मग हा घाम कशाचा? माझा पाय वरच्या वर राहिला, स्वप्नात राहतो तसा.

"ऊठ बाला. दवाखान्यात चल."

"येडी झालीस का? उसणीला कुणी दवाखान्यात जातंय व्हय?"

"मी पाय ठेवणार न्हाई. रड, बोंबल, काय करायचं ते कर."

डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली आणि तिथूनच लातूरला धाडलं. हृदयाची नस तुंबली होती, ती उघडली. तिथले डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं उकाड्यात, धुळीत, पाण्याविना एवढं ओझं उचललं की खांद्याबरोबर काळीजही थकतं. अजून उशीर झाला असता तर... पुढचं मी ऐकलं नाही. पुढचं मला माहीत होतं.

बालाजी आता आत पलंगावर आहे. अळणी वरणावरून कुरकुरतोय. अण्णा, कुरकुरतोय तो! किती गोड लागतंय कानाला!

हमाल अजून येतात. मी आधी विचारते, कळ हातात उतरते का, उगाच घाम फुटतो का. हो म्हणाला की त्याला उंबऱ्यात पडूच देत नाही. चिडतात माझ्यावर. चिडू देत.

तुम्हीही या, दुपारी डोळा लागला की या. पण पालथे पडू नका. मी पाय ठेवणार नाही, हा माझा शब्द. हाताला धरून उठवीन, भुगा झटकीन आणि तुमच्याबरोबर चालत येईन. कुठं जायचं ते आता मला ठाऊक आहे.

तुमची पायाळू,
शोभा