नियोजित खांड

नवीन पनवेल,
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

ती. हौसाआत्यास समीक्षाचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? गणपती जवळ आले, तुझी साफसफाई सुरू झाली असेलच. इकडे सगळं ठीक. बाबा बरे आहेत. फोनच केला असता, पण तुमची रिया फोन स्पीकरवर टाकते आणि मग अख्खं शिरढोण ऐकतं. म्हणून तुमच्या परेशच्या हाती हे पत्र. अक्षर मोठं काढलंय. तुझं तूच वाच, सावकाश.

माझी नोकरी नक्की कसली, असं तू दर वेळी विचारतेस. आमची संस्था सरकारची नाही, पक्षाची नाही, बिल्डरची तर नाहीच. दुसऱ्या देशांनी आपले प्रश्न कसे सोडवले ते आम्ही वाचतो आणि आपल्याकडे ते कसं बसेल ते लिहून सरकारपुढे ठेवतो. आमचे इझिकेल सर म्हणतात, "कल्पना बाहेरची चालेल, माप इथलं हवं." देश पुढे जायचा तर असाच, असं मला वाटतं. अजूनही वाटतं.

या वर्षी विषय हॉलंडचा. समुद्राला बांध घालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, आणि तेच लोक आता काही ठिकाणी स्वतः बांध उघडतात. माणसांना आधी मागे हलवतात, नवा बांध मागे घालतात आणि पुढची जमीन पाण्याला देऊन टाकतात. पाण्याने ओरबाडून नेण्यापेक्षा आपण ठरवून दिलेली बरी. याला मराठीत काय म्हणावं ते मला सुचेना. मग सुचलं: नियोजित खांड. बांधाला भगदाड पडलं की आपल्या खाडीकाठच्या खारीत म्हणतात तो शब्द. सर खूश झाले, पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापला. मी तर हवेतच होते.

तू कपाळावर हात मारला असशील.

गावच्या देवळात सभा होती. "आपल्या खारीत पहिली खांड" एवढं मी वाचलं आणि म्हातारी माणसं एकदम उठून उभी राहिली. दयारामकाका चपला शोधायला लागले. "कुठं गेली?" मला हसू आलं, आत्या. मी नकाशावर बोट ठेवलं. पाणी सोडायच्या उघाडीच्या दारापासून पश्चिमेला.

"खांड वाचाची नाय पोरी," काका बोलले, "वरडाची. आनि वरडली का धावाचा."

बाबा दुसऱ्या दिवसापासून फावडं घेऊन त्या जागेवर जाऊन बसतात, दर भरतीला. त्यांना वाटतं आमच्या ऑफिसची माणसं येऊन बांध कापणार. "तुमच्या हालंडवाल्यांना सांग, शिवा हितं बसलाय."

बाबा बरे आहेत असं वर लिहिलं, ते खोटं आहे. बांध कापायला कुणीही येणार नाही. पण ती जागा मी उगाच निवडली नव्हती. तिथे बांध खेकड्यांनी आतून पोखरलाय. पहार नुसती टेकवली तरी आत जाते. शनिवारी अमावास्या आहे, दुपारच्या उधाणात तो आपणहून जाईल असं मला वाटतं. आत्या, मला फार भीती वाटते. सरांनी सरकारी कचेरीत कळवलं, पुन्हा जाऊन बसले. तिथले लोक "पाहणी करू" म्हणाले. बाबांना सांगितलं तर म्हणतात, "ही तू नाय बोलत, तुजी नोकरी बोलते."

खांड गेली तर बाबा काय करतील, हे तुला सांगायला नको. पहिला पोचेल त्याने खांडीत उभं राहायचं, मागून आलेल्यांनी त्याच्या पाठीला चिखल थापायचा. तुम्ही लहान असताना आजोबा असेच उभे राहिले होते, बाबा अजून सांगतात. तेव्हा मागे सगळं गाव होतं. आता निम्मं गाव इथे फ्लॅटमध्ये, पोरं द्रोणागिरीच्या गोदामांत. दयारामकाकांना चार पावलांत दम लागतो. बाबा उभे राहतील आणि मागे कुणीच येणार नाही. मी जेवायला बसले की मला त्यांची पाठ दिसते.

म्हणून तुझ्याकडे मागणं आहे. तुझा शब्द त्यांनी कधी मोडला नाही. शुक्रवारीच त्यांना बोलावून घे. आजारी आहे असं कळवू नकोस, तुला खोटं जमत नाही. मखर बांधायला ये म्हण, राहायलाच ये म्हण. भांड, रड, गळ घाल. मागाहून त्यांना कळेलच की हे माझं काम. मग ते माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल.

आणि नाहीच आले, तर मी शनिवारी सुट्टी टाकली आहे. सर म्हणाले मीही येतो, पण त्यांना धड वाकताही येत नाही, मी नको म्हटलं. शेजारच्या मनिषाकडून घमेलं मागून आणलंय. मला पोहता येत नाही, हे बाबांना आठवू देऊ नकोस. परेशला विचारशील का, त्या दुपारी तो मोकळा आहे का? एकटीने थापलेला चिखल धरेल की नाही, मला माहीत नाही.

तुझ्या भावाच्या पाठीमागे उभी,
समीक्षा