हिच्या बदल्यात काय देणार

आई, आज ठाण्यात फेरीवाल्या बायकांच्या बैठकीत माझी चांगलीच फजिती झाली, आणि ती सांगायला तूच हवी होतीस. संस्थेत नोकरी लागल्यापासून मी सगळ्यांना सांगत फिरते की 'बोहारीण' हा शब्द आता सोडा. साडी गबाळी नेसली की बोहारीण, भाजीवाल्याशी घासाघीस केली की बोहारीण, पोरगं जेवलं नाही की बोहारणीला देऊन टाकीन. एकटी बाई किती ठिकाणी पुरणार? म्हणून मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'वस्त्र-भांडी विनिमय व्यावसायिक'. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बाय, एवढं ओरडून होईस्तोवर गिऱ्हाईक दार लावून झोपंल." सगळ्या हसल्या. तू असतीस तर त्यांच्यातच बसून हसली असतीस.

घरी येताना कोपरची ती दुपार आठवली. मी आठवीत होते. आपण विठ्ठलवाडीला राहायचो आणि शाळेत मी सांगून ठेवलं होतं की माझ्या आईचं भांड्यांचं दुकान आहे. मैत्रिणीकडे गणितं सोडवत बसलेय, तर जिन्यातून तुझीच हाक. काकूंनी जुन्या पँटी काढल्या. तू एकेक पँट उजेडात धरतेस, शिवण ताणून बघतेस आणि शेवटी नेहमीसारखं म्हणतेस, "वहिनी, अजून एक शर्ट टाका." मी वहीत डोकं खुपसलेलं. तू मला पाहिलंस, माझे घाबरलेले डोळे पाहिलेस आणि टोपलीतली गाळणी पुसायला लागलीस. काकूंना गंमत सुचली. शर्ट नाही, या दोन पोरी घेऊन जा, म्हणाल्या. आणि ही दुसरी भांड्याच्या दुकानवालीची आहे, हिचा मोठा डबा घेईन. तू मैत्रिणीची बाही चिमटीत धरलीस, कापड बरंय पण धुऊन आटेल म्हणालीस, आणि तिचा एक चमचा ठरवलास. मग माझ्यासमोर आलीस. माझ्या बाहीला हात लावला नाहीस. "ही नको," म्हणालीस, "हिच्या बदल्यात देण्यासारखं माझ्या टोपलीत काही नाही."

काकू हसून हसून खाली बसल्या. त्यांना वाटलं, मी चमच्याच्याही लायकीची निघाले नाही. पुढे वर्षभर त्या घरात मला 'परत आलेला माल' म्हणायचे. संध्याकाळी तू रागावशील म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. तू भाकरी वाढलीस, माझ्याकडे न बघता विचारलंस, "काय गं, दुकान कसं चाललंय?" आणि अजून एक भाकरी टाकलीस. त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या.

तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. आपल्या घरातली पहिली पदवी तू बघितली नाहीस. कॉलेजच्या प्रवेशाच्या फॉर्मवर मात्र आईच्या व्यवसायापुढे मी खरं तेच लिहिलं होतं, ठळक अक्षरांत, आणि त्याचा अभिमान जरा जास्तच मिरवते.

कारण कोपरची ती मैत्रीण अजून माझी मैत्रीण आहे. परवा फोनवर बोलता बोलता तिच्या लेकीला दरडावत होती, जेव, नाहीतर बोहारणीला देईन. आणि गावभर भाषणं देणारी मी नुसतं "हं" म्हणाले. तिच्या लेखी तुझं दुकान आजही चालू आहे, आई. येत्या रविवारी ती घरी येतेय. खरं काय ते सांगेन म्हणते. मागच्या वेळीही असंच म्हणाले होते. तू एकही सौदा जादा मागितल्याशिवाय मिटवला नाहीस. मीही तुझीच लेक. अजून एक रविवार टाक.