एकादशीचं घट्ट दूध

बुऱ्हाणपूर, १२ मे १९५७

तीर्थरूप आईच्या पायांशी कुमुदचा नमस्कार.

तब्येत उत्तम आहे, फक्त डोकं तापलंय. काळजी करू नकोस.

परवा ऊन मरणाचं होतं. यांनी खंडव्याहून कोकोची काळी बिस्किटं आणली होती. मी गार दूध, दोन दिवसांची साय, साखर आणि बर्फाचा चुरा रवीनं घुसळला आणि त्यात बिस्किटं कुटून घातली. इतकं घट्ट झालं की चमचा उभा राहिला! यांच्यासाठी झाकून ठेवलं.

सासूबाईंची एकादशी होती. मला न विचारता त्यांनी झाकण काढलं, काळे कण म्हणजे खजूर असं समजून दोन पेले रिचवले, आणि मग त्यांना बिस्किटांचा पुडा दिसला. "या नागपूरवालीनं माझी ग्यारस मोडली!" गल्लीभर बोभाटा. मी कधी म्हटलं होतं की हे उपासाचं आहे? वर म्हणतात, "नागपूर आता दुसऱ्या राज्यात गेलं ना? मग तिकडचं तिकडंच ठेव." राज्यं काय मी वाटली? आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते!

बाबांचा खोकला थांबला का? इथं मन मोकळं करायला कुणी नाही, म्हणून इतकं लिहिलं.

काल द्वादशी. पारण्याचं ताट वाढलं, तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "कुमुद, कालच्यासारखं दूध घुसळ ना थोडं."

मी म्हटलं, "ते तिकडचं होतं. तिकडंच ठेवलं."

तुझी, अजून न निवलेली,
कुमुद