डोळे मिटल्याबद्दल

१२ मार्च

परीक्षेचं चित्रण पुन्हा मागे नेलं. तोच तुकडा. मुलगी प्रश्न वाचते, डोळे मिटते, ओठ हलतात. खाली लाल पट्टी – 'नजर पडद्यावर नाही. संशयास्पद.' डोळे उघडते, भराभर लिहिते. पुन्हा मिटते. पुन्हा लाल.

दुपार यातच गेली. काय थाट त्या परीक्षेच्या ब्राउझरचा! एकदा सुरू झाला की मुलांच्या संगणकावर दुसरं काही उघडत नाही. वर कॅमेरा. कोण कुठे बघतंय ते मशीन टिपतं आणि लाल झालेलं आम्ही शिक्षकांनी तपासायचं. अख्ख्या वर्गात लाल ही एकटीच. तिला मुलं पुटपुटी म्हणतात. दोषी ठरली तर वर्षभर परीक्षाबंदी. शिष्यवृत्ती जाईल. मग शिकते कशाला आणि कशावर?

१३ मार्च

तिचं उत्तर वाचलं. कथेतल्या आईबद्दल लिहिलंय – 'ही आई मला पटत नाही. ती रडते ते शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून.' चूक आहे. साफ चूक! पण कुणीतरी जागं राहून कथा वाचल्याशिवाय अशी चूक होत नाही.

मग बाकीचे पेपर काढले. 'मातृत्वाचे बहुआयामी चित्रण.' पुढचा पेपर – बहुआयामी. त्याच्या पुढचा – बहुआयामी. ज्या पोराला वर्गात कथेचं नाव सांगता येत नव्हतं, तोही बहुआयामी. आणि सगळे हिरवे. निर्दोष.

१४ मार्च

धाकटी आली होती. तिच्या बँकेत बढतीची परीक्षा याच ब्राउझरवर झाली. मी म्हटलं, दुसरं काही उघडतच नाही तर मुलं करतात कसं?

पोट धरून हसली. "ताई, तू कुठल्या जगात राहतेस गं? संगणक बंद होतो, फोन कुठे होतो? पडद्याच्या कडेलाच टेकवायचा. प्रश्नाचा फोटो, एआयचं उत्तर, बघून टाइप. नजर हलतच नाही!"

"तू केलंस?"

"चहा टाक आधी."

१६ मार्च

विभागप्रमुखांकडे गेले. सारखे शब्द दाखवले. फोनचं सांगितलं.

"मॅडम, सारखे शब्द म्हणजे तुम्हीच छान शिकवलंत."

"हा शब्द मी आयुष्यात वापरलेला नाही, सर."

"पुरावा काय? मशीन हिरवं म्हणतंय. आणि हिच्याबाबत लाल म्हणतंय. मी माझ्या मनाने रंग बदलू?"

बाहेर आले. एवढा मोठा माणूस, आणि वाचायचा कंटाळा! चार पानं वाचली असती तर कळलं असतं. तेवढंच नको आहे त्यांना.

१८ मार्च

आज चौकशी. लांब टेबल, पलीकडे विभागप्रमुख धरून तिघं, अलीकडे ती. मी कडेला.

"डोळे का मिटत होतीस?"

"सवय आहे, सर."

"ही कसली सवय?"

"घरी एकच खोली. आम्ही सहा जण. एकटं व्हायचं तर डोळेच मिटायला लागतात."

मला वाटलं, सुटली. मग विभागप्रमुख म्हणाले, "ठीक आहे. तेच उत्तर आता तोंडी दे. आमच्याकडे बघून. डोळे उघडे."

तिने सुरुवात केली. "ही आई..." थांबली. पुन्हा "ही आई..." पापण्या खाली आल्या.

"अं-हं! उघडे!"

चार वेळा. चौथ्या वेळी तिला कथेचं नावही आठवेना. टेबलापलीकडे एकाने दुसऱ्याकडे बघून मान हलवली – बघितलंत ना, अशी.

मी उठून बोलले. काय बोलले ते धड आठवत नाही. आवाज चढला होता एवढं नक्की. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, बसा. भावनेच्या भरात..." बसले नाही. बंदी लागलीच.

१९ मार्च

माणसाला विचार करताना बघितलं की यांना चोर दिसतो!

२२ मार्च

वर प्राचार्यांपर्यंत गेले. विभागप्रमुखांना न विचारता. यापुढे तास कमी मिळतील, मिळोत. प्राचार्य त्रासले, पण बंदी उठवली. फेरपरीक्षा. तोच ब्राउझर, तोच कॅमेरा. पुन्हा लाल झाली तर मात्र नाव कायमचं कमी.

पुटपुटीला फोन केला. ती आनंदाने ओरडेल असं वाटलं होतं.

"मॅडम, डोळे मिटले तर परत लाल होईल?"

"होईल. थोडा सराव कर. उघडे ठेवायचा."

मागे कुणाचं तरी भांडण चाललं होतं. भांडी आपटत होती.

"बरं," म्हणाली.

२३ मार्च

सराव कर! हे मी म्हटलं. मी.

२ एप्रिल

फेरपरीक्षा झाली. सबंध वेळ पडद्यावर हिरवी पट्टी. ती ताठ बसलेली, ओठ बंद, बोटं चाललेली. एकदाही अडली नाही. मला जिंकल्यासारखं वाटलं. घरी येताना धाकटीला फोन करून सांगितलंही. ती म्हणाली, "अरे वा!" आणि विषय बदलला. उत्तरपत्रिका उद्या येईल.

३ एप्रिल

सकाळी उत्तरपत्रिका आली. चार पानं. पहिल्याच ओळीत बहुआयामी. एक चूक नाही, एक मत नाही. त्यातलं एक वाक्यही तिचं नाही.

विभागप्रमुख दारातून डोकावले. "बघितलंत? सुधारली की नाही पोरगी!"

मी मार्क भरले. पंच्याऐंशी.