साल बरोबर, रेघ पांढरी

मंगळवार, संध्याकाळ. रामवाडी, पेण.

ही मोठी सेडान जुनी घ्यायची, तर कुठल्या सालची, एवढंच मी वर्षभर धुंडाळलं. अठराच्या मॉडेलचा गिअरबॉक्स जातो, एकोणीसचं टिकतं, सगळं पाठ. वरसेला राहणाऱ्या मेव्हण्याकडे, राजूकडे, नेमकं एकोणीसचंच निघालं. डोळे झाकून घेतलं.

आज मागच्या सीटचा पट्टा पहिल्यांदाच शेवटपर्यंत ओढला. आत पांढरी रेघ. बोट फिरवून जिभेला लावलं. खारट! मिठागरात वाढलेला माणूस मी, ती रेघ मला कुणी समजावून सांगायला नको. उधाणात खाडीचं पाणी सीटच्या वर चढलेली गाडी आहे ही. दिवे आपोआप का विझतात, तेही कळलं.

राजूला फोन केला. शांतपणे म्हणतो, "भावोजी, तुम्ही मॉडेल विचारलंत. ते खोटं सांगितलं काय? पाण्याचं तुम्ही विचारलंच नाय."

नाहीच विचारलं. मिठागरातला माणूस, आणि साल विचारत बसलो.

आतून बायकोने विचारलं, "राजूचा फोन व्हता? गाडी बरी हाय ना? घरच्या माणसाकडनं घेतलेली बरी असते."

व्हय म्हटलं. जीभ अजून खारटच होती.